ऱ्हाइनकाठचा कारखाना आणि त्याची भूक

जर्मनीच्या औद्योगिक यशाचे कारण विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते: शिस्त, तांत्रिक शिक्षण आणि संशोधन. मोटारी आणि यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून दिलेले हे उत्तर चुकीचे नाही, पण त्यात या अर्थव्यवस्थेचा सर्वांत खालचा मजला दिसत नाही. मोटारीवरचा रंग, टायरमधले रबर, आसनातला फोम, शेतातले खत, औषधाच्या गोळीतले मूळ द्रव्य हे सारे रसायनांच्या कारखान्यांतून येते. तो उद्योग अडखळला की वरच्या सगळ्या मजल्यांना हादरे बसतात. म्हणून जर्मनीचा आर्थिक इतिहास रसायनोद्योगाच्या बाजूने वाचायला हवा. तसा वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या उद्योगाचे खरे बळ एकेकट्या शोधांपेक्षा जोडणीत होते. एका भट्टीतून उरलेले द्रव्य दुसऱ्या भट्टीचा कच्चा माल व्हावे, दुसरीची उष्णता तिसरीला मिळावी, अशी कारखान्यांची साखळी जर्मनांनी जशी बांधली तशी एकोणिसाव्या शतकात कोणालाच जमली नाही. पण अशी साखळी मधेच थांबवता येत नाही. तिला कोळसा, तेल किंवा वायू यांपैकी काहीतरी स्वस्त आणि अखंड मिळत राहावे लागते. ही गरज वाढत गेली तशी ती देशाचे राजकारणही वळवू लागली, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात टाकाऊ मालापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या शहरांत रस्त्यांवरचे दिवे कोळशाच्या वायूवर जळू लागले होते. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवला की वायू निघतो, कोक उरतो, आणि त्यासोबत काळे, चिकट, दुर्गंधी डांबरही उरते. वायूला गिऱ्हाईक होते, कोकला होते. डांबराचे करायचे काय, हा प्रश्न होता. मानहाइम शहराला वायू पुरवणारा फ्रीडरिश एंगेलहॉर्न हा मूळचा सोनार. आपल्या वायूकारखान्यातल्या डांबरातून अ‍ॅनिलीन काढून त्याचे रंग बनवता येतील, हे त्याने हेरले आणि १८६१ मध्ये तो त्या धंद्यात उतरला. १८६५ मध्ये त्याने बाडन अ‍ॅनिलीन आणि सोडा कारखाना, म्हणजे आजची बीएएसएफ, स्थापन केली. मानहाइममध्ये हवी ती जमीन मिळेना, म्हणून कारखाना ऱ्हाइनच्या पलीकडच्या तीरावर, लुडविग्सहाफेनला, उभा राहिला. कंपनीच्या नावातच अ‍ॅनिलीनसोबत सोडा आहे, हे महत्त्वाचे. रंग करायला आम्ले आणि अल्कली लागतात; ती दुसऱ्याकडून विकत घेत राहिलो तर नफा दुसऱ्याच्या घरी जाईल, म्हणून तीही आपणच करायची, हा हिशेब पहिल्या दिवसापासून होता. याच सुमाराला, १८६३ मध्ये, बार्मेनमध्ये बायर आणि फ्रँकफर्टजवळच्या हेक्स्ट गावी त्याच नावाने पुढे ओळखली गेलेली कंपनी सुरू झाली. दोन्ही कंपन्यांची नावे ठाणे आणि मुलुंडच्या माणसाला अपरिचित नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बळकट आहे. डांबरच जर मूळ असेल तर रंगांचे साम्राज्य इंग्लंडमध्ये उभे राहायला हवे होते. कोळसा तिथे अधिक, वायूचे कारखाने अधिक, आणि रंग वापरणाऱ्या कापडगिरण्या तर जगात सर्वांत जास्त. पहिला कृत्रिम रंगही तिथलाच: विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला १८५६ मध्ये लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या खटाटोपात जांभळा मोव्ह रंग सापडला. त्याचा गुरू ऑगस्ट विल्हेल्म होफमान हा जर्मन. १८६२ च्या लंडन प्रदर्शनाच्या निमित्ताने होफमानने भाकीत केले होते की इंग्लंड एक दिवस डांबरातून काढलेली निळाई खुद्द निळीच्या देशाला, हिंदुस्थानाला, विकेल. भाकिताचा अर्धा भाग खरा ठरला. विकणारा देश मात्र बदलला. होफमान स्वतः १८६५ मध्ये बर्लिनला परतला. मँचेस्टरच्या रंगकारखान्यात अनुभव घेतलेला हाइनरिश कारो जर्मनीला आला आणि बीएएसएफचा संशोधनप्रमुख झाला. जर्मन कारखाने सुरुवातीच्या काळात चक्क इंग्लंडकडून डांबराची द्रव्ये विकत घेत होते.

तेव्हा नुसता कच्चा माल पुरेसा नसतो, हे मान्यच करायला हवे. प्रश्न असा की जर्मनीकडे वेगळे काय होते? नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे गीसनला १८२४ पासून युस्टुस फॉन लीबिगने उभी केलेली प्रयोगशाळा, जिथे विद्यार्थी व्याख्याने ऐकण्यापेक्षा स्वतः विश्लेषणे करत, आणि त्या धर्तीवर जर्मन विद्यापीठांतून बाहेर पडलेले शेकडो रसायनतज्ज्ञ. हे खरे आहे. पण या माणसांनी कारखान्यात जाऊन काय केले ते पाहिले की उत्तर पुरे होते. इंग्लिश रंगकारखानदार चांगला चालणारा एखादा रंग धरून त्यावर नफा काढत होता. जर्मन कारखान्यातला रसायनतज्ज्ञ त्या रंगाबरोबर निघणाऱ्या नको असलेल्या पाच द्रव्यांचे काय करता येईल, याचाही विचार करत होता. स्वस्त माल मुबलक असतो तिथे तो वाया गेल्याचे दुःख नसते. आयात केलेल्या डांबराचा थेंबन् थेंब वसूल करण्याची निकड ज्याला होती, त्याने साखळी बांधली. १८७७ च्या पेटंट कायद्याने देशभर एकच नियम आला. या कायद्यात पदार्थाऐवजी तो बनवण्याच्या पद्धतीला संरक्षण होते, त्यामुळे त्याच वस्तूची अधिक काटकसरीची वाट शोधण्याला किंमत आली.

या साखळीचे पहिले मोठे उदाहरण लाल रंगाचे. मंजिष्ठेच्या मुळांतून निघणारा लाल रंग शतकानुशतके कापडाला चढत होता; दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्योंच्या परिसरात तिची शेते होती. ग्रेबे आणि लीबरमान या दोघा रसायनतज्ज्ञांनी १८६८ मध्ये त्यातले मूळ द्रव्य अलिझरीन डांबरातल्या अँथ्रासीनपासून बनवले. त्यांनी कारोसह १८६९ च्या जूनमध्ये लंडनला पेटंट मागितले आणि पर्किनचा अर्ज त्यानंतर अवघ्या एका दिवसाने पोहोचला. काही वर्षांतच मंजिष्ठेची शेती संपली, आणि ज्या फ्रेंच सैन्याच्या लाल विजारी तिच्या आधारासाठी म्हणून होत्या त्या जर्मन अलिझरीनमध्ये रंगू लागल्या. पण अलिझरीनला अतितीव्र गंधकाम्ल लागे, आणि ते बोहेमियातून महागाने आणावे लागे. ही अडचण पुढच्या कडीची सुरुवात ठरली. बीएएसएफमध्ये रुडॉल्फ क्निट्शने उत्प्रेरकाच्या मदतीने असे आम्ल मोठ्या प्रमाणावर व स्वस्तात करण्याची पद्धत बसवली. ती बसली नसती तर पुढचे पाऊल पडलेच नसते.

पुढचे पाऊल म्हणजे नीळ. अडोल्फ फॉन बायर या प्राध्यापकाने १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली आणि काही वर्षांत तिची रचनाही उलगडली. शोध लागला म्हणजे धंदा झाला असे असते, तर गोष्ट इथेच संपली असती. पण प्रयोगशाळेतल्या त्या निळीचा खर्च परवडणारा नव्हता. ती बाजारात यायला आणखी सतरा वर्षे गेली आणि बीएएसएफचे सुमारे १ कोटी ८० लाख सोन्याचे मार्क त्यात घातले गेले. शेवटी जी वाट सापडली तिचा आरंभ नॅफ्थलीनपासून होतो, म्हणजे ज्याच्या आपल्या घरोघरी कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या होतात त्या द्रव्यापासून. डांबरात ते भरपूर असते आणि त्या काळी त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. नॅफ्थलीनवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया करायची. ती क्रिया मंद होती, पण प्रयोगात एक थर्मामीटर फुटला, पारा सांडला आणि पाऱ्यामुळे क्रियेला वेग येतो हे कळले. या अपघाताची गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकांत आवडीने सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची बाब. या क्रियेत गंधकाम्लाचे रूपांतर सल्फर डायऑक्साइडमध्ये होते. ते हवेत सोडून दिले असते तर नीळ कधीच स्वस्त झाली नसती. क्निट्शच्या पद्धतीने त्याच वायूचे पुन्हा आम्ल करून तेच पुन्हा भट्टीत घालता येऊ लागले. पुढच्या पायरीला क्लोरीन लागे, तर तेही कारखान्यातच तयार होऊ लागले आणि क्निट्शनेच त्याचे द्रवरूप करून ते साठवण्याची सोय केली. म्हणजे १८९७ मध्ये बाजारात आलेल्या कृत्रिम निळीच्या पाठीशी नॅफ्थलीन, गंधकाम्ल, क्लोरीन, अमोनिया आणि असेटिक आम्ल यांची गुंफलेली कामे होती. एकटी नीळ बनवणारा कोणीही त्या किमतीला ती विकू शकला नसता.

याचा फटका कोणाला बसला हे आपल्याला ठाऊक आहे. बंगाल आणि बिहारमधली निळीची लागवड कोसळली. १८९७ मध्ये जगात वनस्पतीपासून सुमारे १९,००० टन नीळ होत होती, ती १९१४ पर्यंत हजार टनांच्या आसपास आली. चंपारणमध्ये मळेवाल्या गोऱ्यांनी कुळांवर तीनकठिया लादली होती: वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायचीच. निळीचा भाव पडला तेव्हा या मळेवाल्यांनी तोटा स्वतः सोसला नाही. नीळ लावण्यातून सुटका हवी असेल तर वाढीव खंड द्या किंवा एकरकमी भरपाई द्या, असा करार त्यांनी कुळांकडून लिहून घेतला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे पोहोचले तेव्हा ज्या तक्रारी त्यांच्यापुढे आल्या, त्यांतल्या पुष्कळ तक्रारींच्या मागे ऱ्हाइनकाठच्या कारखान्याने पाडलेला भाव होता. कृत्रिम रंगाने कुळांचा छळ सुरू केला असे मी म्हणत नाही. जुलूम जुना होता आणि त्याचे धनी स्थानिकच होते. पण त्याचे नवे रूप जर्मन रसायनोद्योगाने घडवलेल्या बाजारातून आले. मळेवाल्याकडे विकायला एकच माल होता, आणि त्या मालातून उरणाऱ्या कशाचेही त्याला मोल नव्हते. मुंबईच्या गिरण्यांनाही हा बदल लवकर जाणवला. बायरने १८९६ मध्येच मुंबईत बस्तान बसवले. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन माल थांबला, तेव्हा इथल्या रंगाऱ्यांना टंचाई आणि भडकलेले भाव सोसावे लागले. त्या वेळी जगातल्या कृत्रिम रंगांपैकी ८५ ते ९० टक्के जर्मन कंपन्यांच्या हातात होते.

रंगांतून आलेला पैसा आणि सराव यांच्या जोरावर साखळी खतांकडे वळली. शेतीला नत्र हवे, आणि जर्मनी ते चिलीतून येणाऱ्या सोऱ्याच्या रूपाने आणत होता. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये कार्ल्सरुहला हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा प्रचंड दाबाखाली संयोग घडवून अमोनिया करून दाखवला. बीएएसएफच्या कार्ल बॉशने ते टेबलावरचे यंत्र कारखान्याच्या मापाचे केले. आल्विन मिटाशने योग्य उत्प्रेरक शोधण्यासाठी हजारो चाचण्या घेतल्या. १९१३ च्या सप्टेंबरमध्ये लुडविग्सहाफेनच्या उत्तरेला ओपाऊ इथे पहिला कारखाना चालू झाला. आजही जगाच्या अन्नाचा मोठा हिस्सा या क्रियेवर उभा आहे, आणि एवढे मोठे उपकाराचे काम फार थोड्या उद्योगांच्या नावावर आहे. पण त्यातला हायड्रोजन तापलेल्या कोकवर वाफ सोडून काढला जात होता, म्हणजे मूळ पुन्हा कोळसाच. वर्षभरातच युद्ध आले, ब्रिटिश आरमाराने चिलीचा सोरा अडवला आणि अमोनियापासून नायट्रिक आम्ल करून दारूगोळा पुरवण्याचे वचन बॉशने लष्कराला दिले. त्यातून १९१७ मध्ये मध्य जर्मनीतल्या तपकिरी कोळशाच्या पट्ट्यात लॉयनाचा अवाढव्य कारखाना सुरू झाला. निळीसाठी साठवले जाणारे द्रव क्लोरीन १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या आघाडीवर हाबरच्या देखरेखीखाली शत्रूच्या खंदकांवर सोडले गेले. १९२१ मध्ये ओपाऊमधल्या खताच्या कोठाराचा स्फोट झाला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली.

युद्धानंतर या उद्योगापुढे उभा राहिलेला प्रश्न माझ्या मते सगळ्या कथेचा मध्य आहे. अमोनियासाठी उभारलेली उच्च दाबाची यंत्रे, त्यांचे अभियंते आणि लॉयनाच्या खाणी तशाच होत्या; पण खताचा बाजार आता इतर देशही बळकावू लागले होते. यंत्रे बंद ठेवणे परवडणारे नव्हते. बॉशने उत्तर शोधले ते कोळशापासून पेट्रोल करण्याचे. फ्रीडरिश बेर्गिउसची पद्धत तीच यंत्रे आणि तोच हायड्रोजन वापरत होती, शिवाय जगातले तेल लवकरच संपेल असे त्या वेळी पुष्कळांना वाटत होते. १९२५ च्या अखेरीला मोठ्या रंगकंपन्या एकत्र येऊन इ. गे. फार्बेन हा महासंघ झाला. त्यामागे जी कारणे होती त्यांत या पेट्रोलसाठी लागणारे अफाट भांडवल हे एक होते. १९२७ मध्ये लॉयनाचे पेट्रोल निघू लागले. आणि मग अमेरिकेत टेक्ससला तेलाचे नवे साठे सापडले, मंदी आली, तेलाचे भाव गडगडले. लॉयनाचे पेट्रोल बाजारात कधीच टिकणार नाही हे उघड झाले. यंत्रे मोडीत काढायची की कोणीतरी भावाची हमी द्यायची, एवढेच दोन मार्ग उरले. १४ डिसेंबर १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने हमी दिली: वर्षाला साडेतीन लाख टनांपर्यंत उत्पादन वाढवा, खर्च भरून निघेल आणि भांडवलावर ५ टक्के परतावा मिळेल असा भाव दहा वर्षे देऊ. परदेशी तेलावर अवलंबून न राहता युद्ध करता यावे, हा सरकारचा हेतू होता. कारखान्याला त्याची साखळी चालू ठेवायची होती. दोन्ही गरजा एका कागदावर भेटल्या.

त्या कागदाचा शेवट कुठे झाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कृत्रिम रबराचा नवा कारखाना कुठे उभारावा याचा विचार करताना इ. गे. फार्बेनच्या तज्ज्ञांनी कोळसा, चुनखडी, नद्यांचे पाणी आणि लोहमार्ग पाहून पोलंडमधल्या आउशवित्झची जागा निवडली. १९४१ पासून तिथे काम सुरू झाले आणि छळछावणीतले कैदी मजूर म्हणून वापरले गेले. १९४२ मध्ये कंपनीच्या आवाराशेजारी मोनोवित्झची छावणीच वसवली गेली. हजारो माणसे उपासमार आणि श्रमाने तिथे मेली, काम करण्यालायक न उरलेल्यांना वायूकोठड्यांकडे पाठवले गेले. त्या कारखान्यातून रबर कधीच बाहेर पडले नाही. १९४७-४८ मध्ये न्यूरेंबर्गला महासंघाच्या तेवीस अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेरा जण दोषी ठरले आणि सर्वांत मोठी शिक्षा आठ वर्षांची झाली.

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे: सगळे दोष साखळीवर ढकलले की माणसे सुटतात, नाही का? नाही सुटत. बॉशला यहूदी शास्त्रज्ञांची हकालपट्टी मान्य नव्हती. ज्याच्या शोधावर सारी इमारत उभी होती तो हाबर यहूदी कुळातला. त्याला १९३३ मध्ये पद सोडून देशाबाहेर जावे लागले आणि पुढच्याच वर्षी तो परदेशात मेला. तरी करारावर सही झाली. यंत्रांची गरज मोह समजावून देते, सही करणाऱ्याची जबाबदारी कमी करत नाही. लॉयना बंद करून तोटा सोसण्याचा मार्ग महाग होता, पण मोकळा होता. माझा मुद्दा एवढाच की एखादा उद्योग जितका अधिक गुंतलेला, तितकी त्याला नाही म्हणण्याची किंमत मोठी होत जाते, आणि ती किंमत देण्याची वेळ येण्याआधीच ती कोणी मोजून ठेवत नाही.

युद्धानंतर महासंघ मोडून बीएएसएफ, बायर आणि हेक्स्ट पुन्हा वेगळ्या झाल्या. लॉयना पूर्व जर्मनीत गेले. पश्चिमेकडच्या कंपन्यांनी पंधरा-वीस वर्षांत कोळसा सोडून तेल धरले. १९५३ मध्ये बीएएसएफ आणि शेल यांनी मिळून कोलोनजवळ वेसेलिंगला तेलापासून रसायने करणारा कारखाना काढला. त्याच वर्षी म्युल्हाइमच्या कोळसा-संशोधन संस्थेत कार्ल झीग्लरने साध्या दाबाखाली इथिलीनपासून पॉलिथिलीन बनवण्याची रीत शोधली, म्हणजे कोळशासाठी काढलेल्या संस्थेने तेलाच्या युगाला सर्वांत मोठी देणगी दिली. हेक्स्टने ती रीत कारखान्यात आणली, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीला ती ठाणे-बेलापूर पट्ट्यातही पोहोचली. नोसिल या कंपनीच्या नॅप्थाभट्टीतून निघालेले इथिलीन शेजारच्या पॉलिओलेफिन्समध्ये जायचे आणि तिथे हेक्स्टच्या सहकार्याने प्लास्टिक व्हायचे. ऱ्हाइनकाठच्या साखळीचीच ती छोटी आवृत्ती होती. रूरच्या कोळसाखाणींचे मात्र उलट झाले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत सुमारे सहा लाख खाणकामगार होते. १९५८ पासून कोळशाचे ढीग विक्रीविना पडू लागले, आणि बोट्रोपची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली.

हे स्थित्यंतर माझ्या विधानाविरुद्धचा दुसरा मोठा पुरावा म्हणून दाखवता येईल. साखळी जर इतकी अवघड असेल तर तिने एका पिढीत मूळच कसे बदलले? उत्तर त्या बदलाच्या दिशेत आहे. कोळशाकडून तेलाकडे जाणे म्हणजे स्वस्ताकडून आणखी स्वस्ताकडे जाणे होते. नवी भट्टी बांधण्याचा खर्च कच्च्या मालातल्या बचतीतून निघत होता. किंमत खाणकामगारांनी मोजली, रसायन कंपन्यांनी नव्हे. १९७३ च्या तेलसंकटाने हा स्वस्ताईचा काळ संपवला, आणि तेव्हा हाताशी वायू होता. १९७० च्या फेब्रुवारीत एसेन शहरात झालेल्या कराराने मानेसमान कंपनीचे मोठ्या व्यासाचे नळ सोव्हिएत संघाला जायचे आणि बदल्यात सायबेरियाचा वायू यायचा असे ठरले. १९७३ मध्ये वायू येऊ लागला. शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेचा विरोध असताना हे नळ वाढत गेले. १९९० मध्ये बीएएसएफच्या मालकीच्या विंटरशालने सोव्हिएत वायूकंपनी गाझप्रॉमशी भागीदारी केली, २०११ मध्ये बाल्टिक समुद्राखालून नॉर्ड स्ट्रीम ही वायूवाहिनी आली.

या वायूकराराची दुसरी बाजूही तितकीच गंभीरपणे घ्यायला हवी. व्यापारातून वैर निवळते या श्रद्धेने चान्सेलर विली ब्रांटच्या काळातल्या माणसांनी तो केला, आणि तीस-चाळीस वर्षे वायू ठरल्याप्रमाणे येत राहिला. त्यांना भोळे म्हणणे आज सोपे आहे. पण २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळल्यानंतर, २०१५ मध्ये, विंटरशालने सायबेरियातल्या वायूक्षेत्रांतल्या वाट्याच्या बदल्यात आपला वायूसाठवणुकीचा व्यवसाय गाझप्रॉमला दिला. त्यात पश्चिम युरोपातले सर्वांत मोठे साठवणकेंद्र, रेडेन, होते. त्या व्यवहाराला ब्रांटच्या श्रद्धेचा आधार देता येत नाही. लुडविग्सहाफेनचा आकार त्याला कारण होता: सुमारे १० चौरस किलोमीटर आवार, दोनशेच्या आसपास कारखाने, त्यांना जोडणारे २,८०० किलोमीटरहून अधिक नळ, आणि जर्मनीच्या एकूण वायूपैकी सुमारे ४ टक्के वायू एकट्याला लागणारा. वायू तिथे दोन कामे करतो: जळून वाफ आणि वीज देतो, आणि अमोनिया, असिटिलीन यांचा कच्चा माल होतो. तो ठरावीक पातळीखाली गेला तर एखादा विभाग नव्हे, अख्खे आवार थांबवावे लागेल, असे कंपनीचे प्रमुख मार्टिन ब्रुडरम्युलर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगत होते. २०२१ मध्ये देशाच्या आयात वायूतला निम्म्याहून अधिक रशियाचा होता.

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर २०२२ च्या उन्हाळ्यात तो वायू आटला आणि सप्टेंबरमध्ये समुद्राखालचे नळ स्फोटांत फुटले. आवार थांबले नाही. नॉर्वे, नेदरलँड्स आणि जहाजांतून आलेल्या द्रवरूप वायूवर देश निभावला. यावरून कंपन्यांनी उगाच भीती घातली असा निष्कर्ष काढणारे जर्मनीत पुष्कळ आहेत. अल्पकाळापुरते त्यांचे खरे आहे. पण वायू मिळणे आणि स्वस्त मिळणे यांत जो फरक आहे तो फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसला. बीएएसएफने लुडविग्सहाफेनमधले दोनपैकी एक अमोनिया संयंत्र, नायलॉनचा कच्चा माल असलेल्या कॅप्रोलॅक्टमचे एक आणि फोमसाठी लागणाऱ्या टीडीआयचे संयंत्र बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्यासोबत सुमारे २,६०० नोकऱ्या कमी करण्याचेही. नदीसुद्धा पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही: २०१८ च्या दुष्काळात ऱ्हाइनचे पाणी इतके उतरले की बार्जेस भरून नेता येईनात आणि कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला.

वाऱ्याच्या आणि सूर्याच्या विजेवर, पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनवर हीच साखळी चालवता येईल, असे जर्मन सरकार आणि कंपन्या सांगतात. तंत्र म्हणून त्यात अशक्य काही नाही. नॅफ्थलीनची नीळ करणाऱ्यांच्या वंशजांना ते जमेल. पण या उद्योगाने आजवर केलेले प्रत्येक स्थित्यंतर बाजारभावाने नाहीतर सरकारी हमीने तोलून धरले होते, आणि आजचा हिरवा हायड्रोजन वायूपासून काढलेल्या हायड्रोजनपेक्षा महाग आहे. म्हणजे पुन्हा एकदा भावाची हमी द्यावी लागणार. या वेळी हमी देणारे सरकार लोकशाही आहे आणि हेतू चांगला आहे, हा फरक फार मोठा आहे. तरीही हमी किती वर्षांची, कोणत्या भट्टीसाठी आणि कोणत्या अटीवर, हे प्रश्न तेच आहेत. हे प्रश्न बर्लिनच्या संसदेत विचारले जात असताना कंपनीने आपले दुसरे उत्तरही देऊन ठेवले आहे. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, झानजियांगमध्ये, लुडविग्सहाफेनच्या धर्तीचे नवे जोडलेले आवार तिने उभारायला घेतले. २०१८ मध्ये जाहीर झालेला हा प्रकल्प १,००० कोटी युरोंपर्यंतचा, कंपनीच्या इतिहासातली सर्वांत मोठी गुंतवणूक. त्याच्या पहिल्या भट्ट्यांचे काम वायूचे नळ फुटण्याच्या आधीच सुरू झाले होते.